अभ्यासाची इंग्रजी

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



इंग्रजीच्या अभ्यासाविषयी बोलण्यास एका मॅट्रिक झालेल्या प्राथमिक शिक्षकास पाचारण करण्यात आपल्या चिटणिसांनी मोठेच धाडस केले आहे. या सभागृहात पदवीधर व द्विपदवीधर मंडळी पुष्कळ आहेत. तथापि ज्या डोहात आम्ही स्वतः गटांगळ्या खाल्ल्या त्याची खोली आम्हांस ठाऊक आहे, एवढ्याच अधिकारावर आम्ही येथे उभे आहोत.

१९७४ साली आम्ही जुन्या अकरावीची परीक्षा उत्तीर्ण झालो. विज्ञानात गुण चांगले होते. वडिलांनी आयुष्यभर कातर व गज यांवर संसार चालविलेला. मुलगा कॉलेजात जाणार म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी आमच्या दोन विजारी शिवल्या व जिल्ह्याच्या गावी विज्ञान शाखेत आमचे नाव घातले. पहिल्याच आठवड्यात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक ‘ॲक्सिलरेशन’ या विषयावर तासभर बोलले. आम्ही वहीत एक अक्षर लिहू शकलो नाही. ज्याला आम्ही शाळेत ‘त्वरण’ म्हणत होतो, ज्याची उदाहरणे आम्ही वर्गात सर्वांत आधी सोडवीत होतो, तेच हे, याचा उलगडा आम्हांस तीन आठवड्यांनी झाला. आणि तोवर प्राध्यापक पुढच्या प्रकरणावर गेले होते. दिवाळीत घरी आलो ते परत गेलोच नाही. प्रकृती मानवत नाही असे वडिलांना सांगितले. ते खोटे होते. पुढे अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला, नोकरी लागली, ती इमानाने केली. परंतु वडिलांना खरे कारण आम्ही अखेरपर्यंत सांगितले नाही. आज प्रथमच चारचौघांत सांगत आहोत.

हा जुना प्रसंग उकरून काढण्याचे कारण असे, की तो जुना झालेला नाही. २०१८ च्या दिवाळीत आमच्या हाताखाली सातवीपर्यंत शिकलेली, आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी वडिलांसह आमच्या घरी आली. (तिच्या संमतीने सांगत आहोत, नाव मात्र सांगत नाही.) दहावीपर्यंतचे सारे शिक्षण मराठीत, गुण उत्तम, आणि अकरावी विज्ञानाच्या पहिल्याच चाचणीत भौतिक व रसायन दोन्ही विषयांत अनुत्तीर्ण. वडील म्हणाले, “मास्तर, हिला कला शाखेला टाकतो. झेपत नाही.” मुलगी बराच वेळ खाली मान घालून बसली होती. मग म्हणाली, “गुरुजी, मला विषय येत नाही असं नाही. सर शिकवतात तो माझाच विषय आहे, हे मला ओळखू येत नाही.”

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी आम्हांस जे बोलता आले नाही ते त्या मुलीने एका वाक्यात सांगितले. आणि यात आमचाही दोष होता. आमच्या शाळेचा इंग्रजीचा निकाल दरवर्षी चांगला लागे. तो कसा लागे हे सांगावयास हवे. आम्ही प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून देत होतो आणि मुले ती पाठ करीत होती. त्या मुलीस आमच्याकडून पाठांतर मिळाले होते, इंग्रजी मिळाले नव्हते.

आता आपल्या घराघरांत काय चालते ते पाहू. पाल्याच्या इंग्रजीची काळजी वाटली की आपण त्यास ‘स्पोकन इंग्लिश’च्या वर्गास घालतो. सहा महिन्यांत मुलगा पाहुण्यांशी चार वाक्ये बोलतो. आपण धन्य होतो. बोलणे वाईट असे आम्ही म्हणत नाही. परंतु दुकानात बोलावयाची इंग्रजी आणि ग्रंथ समजून घेण्याची इंग्रजी यांत अंतर आहे. कॅनडात स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास करणारे जिम कमिन्स यांनी १९७९ साली हा भेद स्पष्ट मांडला. त्यांच्या अभ्यासात असे दिसून आले की परक्या देशातून आलेले मूल सुमारे दोन वर्षांत बोलण्यात सरावते. परंतु शाळेच्या अभ्यासात इतर मुलांच्या बरोबरीस येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. ही ज्यांच्या अवतीभोवती अहोरात्र इंग्रजी बोलली जाते अशा मुलांची गोष्ट! आपली मुले तर घरी मराठीच बोलतात, आणि ती बोलावीच.

मग ही अभ्यासाची इंग्रजी असते तरी कोणती? सामान्य समज असा, की शास्त्रीय संज्ञा हीच अडचण. संज्ञांचे एक वेळ भागते. त्या नवीन म्हणून डोळ्यांत भरतात, आणि आपल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशही सिद्ध करून ठेवले आहेत. खरी फसगत करतात ते ओळखीचा चेहरा घेऊन येणारे शब्द. आपल्या गावी ‘फंक्शन’ म्हणजे समारंभ. गणितात ते ‘फल’. ‘पॉवर’ म्हणजे सत्ता, पण गणितात घात. ‘मीन’ म्हणजे अर्थ असणे, आणि संख्याशास्त्रात सरासरी. ‘सॉल्यूशन’ हे गणिताच्या तासास उत्तर व रसायनाच्या तासास द्रावण. ‘लेट एक्स बी’ हे शब्द प्रथम ऐकले तेव्हा कोणास उशीर झाला म्हणून आम्ही दाराकडे पाहिले होते. आज हसू येते, त्या दिवशी आले नाही.

याखेरीज कोणत्याही एका शास्त्राचे नसलेले, परंतु सर्व शास्त्रांत वावरणारे शब्द आहेत : ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘इंडिकेट’, ‘सिग्निफिकंट’, ‘व्हेरी’. न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड या विदुषीने २००० साली अशा शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीत ५७० शब्दकुळे आहेत; ‘ॲनलाइज’, ‘ॲनॅलिसिस’, ‘ॲनॅलिटिकल’ हे मिळून एक कूळ, अशी गणना. इंग्रजीतील अगदी नित्याचे दोन हजार शब्द वगळून ही यादी केलेली आहे, आणि अभ्यासग्रंथांतील सुमारे दहा टक्के शब्द या एवढ्या कुळांतील असतात. रोज दोन कुळे घेतली तर वर्षात यादी संपते. ५७० हा आकडा ऐकून त्या मुलीच्या चेहऱ्यावर जो धीर आला तो आम्हांस अद्याप आठवतो. समुद्र वाटत होता, तो मोजता येण्याजोगा तलाव निघाला.

त्या दिवाळीपासून आम्ही दोघांनी काय केले ते थोडे विस्ताराने सांगतो. बालभारतीची विज्ञानाची पुस्तके मराठी व इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत निघतात, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याचा असा उपयोग होईल हे मात्र आमच्या ध्यानी आले नव्हते. शेजारच्या इंग्रजी माध्यमातील मुलाकडून दहावीचे पुस्तक आणले आणि तिने वर्षभर अभ्यासलेल्या मराठी पुस्तकाशेजारी उघडून ठेवले. प्रकरण तेच, आकृती तीच, उदाहरण तेच. आशय तिला आधीच येत होता. त्यामुळे सारे लक्ष भाषेकडे देता आले. दहावीचे पुस्तक अकरावीत वाचणे तिच्या वडिलांस मागे जाणे वाटले. आम्ही त्यांस एवढेच म्हटले, की आपण नव्या कापडावर कातर चालविण्यापूर्वी जुना सदरा उलटून त्याची शिवण पाहतो की नाही? ते शिंप्यास पटले.

वाचण्याची रीत अशी ठेविली. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते, म्हणून आपला डोळा शेवटपर्यंत थांबून राहतो. इंग्रजीत ते कर्त्यानंतर लगेच यावयाचे. पण अभ्यासग्रंथात कर्ताच इतका लांबतो, ‘ऑफ’ला ‘ऑफ’ व ‘विच’ला ‘विच’ जोडत जातो, की क्रियापद हरवते. म्हणून प्रथम पेन्सिलीने क्रियापदाखाली रेघ, मग ‘कोण?’ असे विचारून कर्त्याभोवती कंस, आणि उरलेले सारे नंतर. पहिले वाचन धावदोऱ्याचे : शब्द अडला तरी थांबावयाचे नाही. दुसरे वाचन पक्क्या शिवणीचे : कोश जवळ हवा. शेवटी पुस्तक मिटून, काय वाचले ते मराठीत सांगावयाचे आणि तेच तीन इंग्रजी वाक्यांत लिहावयाचे. आम्ही तिच्या चुका काढीत होतो असे कोणी समजू नये. निम्म्या वेळी तीच आमच्या काढीत असे.

चमत्कार घडला नाही. पुढच्या चाचणीत रसायनात उत्तीर्ण, भौतिकात पुन्हा अनुत्तीर्ण. वार्षिक परीक्षेत दोन्ही विषय निघाले, गुण बेताचेच. बारावीत मात्र ती वर्गात प्रश्न विचारू लागली होती. पुढे तिने रसायनशास्त्रात पदवी घेतली.

आजची स्थिती काही अंशी बदलली आहे. ‘नीट’ व ‘जेईई मेन’ या प्रवेशपरीक्षा मराठीतून देता येतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु दार मराठीत उघडले तरी आत फडताळातील ग्रंथ बहुतांशी इंग्रजीच आहेत. जे पालक याच भीतीने पहिलीपासूनच मुलास इंग्रजी माध्यमात घालतात त्यांच्याशी आम्ही वाद घालीत नाही. त्यांनी एवढे करावे : दहा वर्षांचा मुलगा आपल्या विज्ञानाचा धडा आजीला मराठीत समजावून सांगू शकतो का, ते पाहावे. त्याला सांगता आले नाही, तर त्याचा धडा इंग्रजीतही कच्चा राहिला आहे असे आमचा अनुभव सांगतो.

मंडळ दरवर्षी बक्षिसे देते, वह्या वाटते. ते चालू राहावेच. त्याच्या जोडीस, दहावी होऊन अकरावीत वा पदविकेस जाणाऱ्या मुलांसाठी, निकाल व प्रवेश यांमधील रिकाम्या आठवड्यांत असा वाचनवर्ग आपल्या वसतिगृहात चालवावा, अशी विनंती आम्ही कार्यकारिणीस केली होती. ती मान्य झाली आहे. आम्ही येऊच, ती मुलगीही येणार आहे, आणि भौतिकशास्त्र ती शिकविणार आहे.

वर्ग रोज सकाळी आठ ते दहा. शुल्क नाही. येताना दहावीचे मराठी विज्ञान, मिळाल्यास तेच इंग्रजी, दोनशे पानी वही आणि पेन्सिल आणावी. शाई नको, खोडावे फार लागते.