अ‍ॅक्सोलॉटलचे पाणी

मेक्सिको शहराच्या दक्षिणेस सोचिमिल्को नावाची जुनी वस्ती आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर, म्हणजे आपल्या उटीइतक्या उंचीवर, तेथे पूर्वी एक विस्तीर्ण सरोवर होते. आता त्याचे कालवे तेवढे उरले आहेत. ह्या सरोवरात आणि शेजारच्या चाल्को सरोवरात वीतभर लांबीचा एक जलचर राहत आला. पृथ्वीच्या पाठीवर त्याला दुसरे मूळस्थान नाही. त्याचे नाव अ‍ॅक्सोलॉटल. रुंद चेहरा, पापण्यांवाचून सदा उघडे असलेले बारीक डोळे, मंद हसतो आहे असे वाटावे अशी तोंडाची ठेवण, आणि मानेच्या दोन्ही बाजूंस पिसांच्या झुपक्यांसारखे तीन-तीन कल्ले. जातीने हा सॅलॅमँडर, म्हणजे बेडकाचा दूरचा भाऊबंद. परंतु बेडकाचे पिल्लू मोठे होताना कल्ले टाकून जमिनीवर येते, तसे हा सहसा करीत नाही. बाळरूपातच तो वयात येतो, अंडी घालतो आणि दहा-पंधरा वर्षांचे सारे आयुष्य पाण्यात काढतो.

अ‍ॅझ्टेक लोकांच्या पुराणात त्याची एक कथा आहे. नवा सूर्य आकाशात चालू लागावा म्हणून सर्व देवांनी आपले प्राण द्यावयाचे ठरले. शोलोट्ल नावाच्या देवास मरण नको होते. तो पळाला आणि मक्याच्या शेतात शिरून जोड ताटाचे कणीस बनला. तेथे ओळखला गेला तेव्हा घायपाताच्या रानात लपला, आणि तेथूनही हुसकावल्यावर पाण्यात शिरून अ‍ॅक्सोलॉटल झाला. पाण्यातच शेवटी त्याला पकडून मारण्यात आले. प्राण्याच्या नावात ह्या देवाचे नाव आणि पाणी ह्या अर्थाचा शब्द असे दोन्ही गुंफलेले आहेत.

युरोपात हा प्राणी पोचला तो फ्रेंच फौजा मेक्सिकोत उतरल्या त्या काळात. ३४ अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला धाडण्यात आले आणि त्यांपैकी पाच नर व एक मादी १८६४ च्या जानेवारीत तेथील निसर्गविज्ञान संग्रहालयात ऑग्युस्त द्युमेरिल ह्या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आली. पुढल्या वर्षी मादीने अंडी घातली, पिले वाढली, आणि त्यांतील काहींचे कल्ले झडून ती जमिनीवर चालणारे सॅलॅमँडर बनली, तेव्हा विद्वानांत मोठी खळबळ उडाली. तेव्हापासून हा प्राणी युरोप-अमेरिकेच्या प्रयोगशाळांतून नांदत आहे. तुटलेला पाय, शेपटी, कण्यातील मज्जारज्जूचा तुकडा, इतकेच काय हृदयाचा अंशही तो पुन्हा घडवतो, ही त्याची कीर्ती. घरोघरच्या काचेच्या टाक्यांत तो गेला तोही ह्याच बंदिस्त वंशावळीतून. २०२१ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ ह्या संगणकावरील खेळात त्याचे आगमन झाले आणि मुलांच्या हट्टापुढे पुष्कळ आईबाप नमले.

येथून पुढची हकीकत बहुधा एकाच चालीची असते. शनिवारी दुकानातून टाकी, रंगीत खडे, गाळणयंत्र आणि अ‍ॅक्सोलॉटल अशी सर्व खरेदी एका फेरीत होते. टाकी नळाच्या पाण्याने भरली जाते, प्राणी आत सुटतो, घरात आनंदीआनंद होतो. दोन दिवस तो गांडुळाचे तुकडे आवडीने खातो. चौथ्या दिवशी तोंड फिरवतो. कल्ल्यांची लाली उतरते, त्यांची टोके पुढे वळतात, शेपटीचे टोक आकड्यासारखे वाकते. आठवड्याने कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागतात. बुरशी झाली म्हणून घरचे लोक धावत जाऊन औषध आणतात आणि टाकीत ओततात. टाकी घाण झाली असेल ह्या शंकेने ती रिकामी करून घासूनपुसून काढतात, गाळणयंत्राचा स्पंज नळाखाली पिळून लख्ख करतात. दोन दिवसांनी प्राणी पाण्यावर उताणा तरंगताना सापडतो. मुलाची समजूत घालण्यासाठी दुसरा आणला जातो, तो त्याच टाकीत सुटतो आणि त्याच वाटेने जातो.

ह्या घरात माया कमी होती असे कोणी म्हणू नये. सारे लक्ष प्राण्याकडे होते, त्याच्या भोवतालच्या पाण्याकडे कोणी पाहिले नव्हते, आणि पाहिले असते तरी ते आरशासारखे नितळच दिसले असते. विषाला रंग नसतो.

अ‍ॅक्सोलॉटल मांसाहारी आहे. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात उतरतो, उरलेल्या खाद्याच्या कुजण्याने त्यात भर पडते. तळ्यात वा नदीत हा अमोनिया खाणारे सूक्ष्म जीवाणू असतात. एक जात त्याचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटाचे नायट्रेट. पहिली दोन द्रव्ये घातक. अमोनिया कल्ले आणि नाजूक त्वचा जाळतो, नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते, आणि आठवड्यास काही पाणी बदलले म्हणजे आटोक्यात राहते. नव्या टाकीत मात्र हे जीवाणू नसतात. त्यांची वसाहत गाळणयंत्राच्या स्पंजात आणि काचेच्या अंगावर हळूहळू बसते व तिला चार ते सहा आठवडे लागतात. थंड पाण्यात त्याहूनही अधिक. तेवढे दिवस टाकीत प्राणी न ठेवता थोडा थोडा अमोनिया घालून जीवाणूंनाच पोसावे लागते. पाणीपरीक्षेच्या संचाने अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि थोडेसे नायट्रेट असा निर्वाळा मिळाला, म्हणजे टाकी राहण्याजोगी झाली. दुकानातून ही गोष्ट सांगितली जातेच असे नाही. रिकामी टाकी महिनाभर न्याहाळत बसण्याची तयारी असलेले गिऱ्हाईक विरळाच!

ही वसाहत बसलेली असली तरी ती मोडणे फार सोपे असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेले असते. स्पंज त्याखाली धुतला की उपकारी जीवाणूही मरतात. म्हणून स्पंज धुवावयाचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, आणि तोही हलक्या हाताने. जंतुनाशक औषधे टाकीत ओतली तर त्यांचाही मारा आधी ह्याच वसाहतीवर होतो, अमोनिया पुन्हा चढतो, आणि बुरशीने मेला असे ज्याच्याविषयी म्हटले जाते तो पुष्कळदा पाण्याने मेलेला असतो. ती कापसासारखी बुरशी, सॅप्रोलेग्निया हे तिचे नाव, पाण्यात बहुतेक सर्वत्र असते. धडधाकट प्राण्यावर तिचे सहसा चालत नाही. भाजलेल्या, खचलेल्या कल्ल्यांवर ती रुजते. म्हणून जाणकार मंडळी आजारी प्राणी पाहताच प्रथम पाणी तपासतात. मग त्याला क्लोरीन काढलेल्या स्वच्छ, थंड पाण्याच्या निराळ्या भांड्यात ठेवतात आणि ते पाणी रोजच्या रोज संपूर्ण बदलतात. औषधाचा विचार त्यानंतर, आणि शक्य तेथे पशुवैद्याच्या सल्ल्याने.

दुसरा शत्रू उष्णता, आणि आपल्याकडे तर हाच मुख्य. सोचिमिल्कोचे पाणी २० अंश सेल्सियसच्या वर क्वचितच जाते. पाळीव अ‍ॅक्सोलॉटलला १६ ते १८ अंश मानवतात. २४ च्या पुढे त्याचे हाल सुरू होतात. १५ अंशांच्या पाण्यात दर लिटरास सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. म्हणजे उष्म्याने प्राण्याची गरज वाढते त्याच वेळी पुरवठा आटतो. शिवाय तितक्याच अमोनियाचा विषारी अंश गरम पाण्यात वाढतो आणि बुरशी व जंतू फोफावतात. हैदराबादेत किंवा इंदुरात वैशाखातील दुपारी घरातल्या पाण्याची काय स्थिती असते ते तेथील गृहिणीस विचारावे. बर्फाचे खडे टाकून हे भागत नाही, कारण तासा-तासाला होणारे चढउतारही जाचकच असतात. पाणी थंड करणारे स्वतंत्र यंत्र लागते, आणि ते प्राण्याच्या किमतीहून कितीतरी महाग असते. हा हिशेब आधी करून ज्याने बेत सोडून दिला, त्याने अ‍ॅक्सोलॉटलवर उपकारच केले म्हणावयाचे.

तळाशी घातलेल्या रंगीत खड्यांचे काय? हा प्राणी भक्ष्य चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो, आणि त्याबरोबर खडाही पोटात जातो. आतडे तुंबून मेलेले पुष्कळ आहेत. बारीक वाळू किंवा नुसती काच बरी. सोबतीला मासे सोडले तर ते कल्ले कुरतडतात.

पाण्याने मरण्याचे हे दुर्दैव त्याच्या मायभूमीतही त्याला चुकलेले नाही. चाल्को सरोवर कोरडे करण्यात आले. सोचिमिल्कोच्या कालव्यांत शहराचे सांडपाणी आले, आणि माणसांना खाद्य मिळावे म्हणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे त्याची अंडी व पिले फस्त करू लागले. हा तिलापिया म्हणजे आपल्या धरणांतून बोकाळलेली ‘चिलापी’ती हीच. १९९८ च्या मोजणीत दर चौरस किलोमीटरास सुमारे ६,००० अ‍ॅक्सोलॉटल होते. २०१४ मध्ये ३६. जगभरच्या टाक्यांत आणि प्रयोगशाळांत लाखोंनी असलेला प्राणी स्वतःच्या घरी शोधूनही मिळेनासा झाला. १९७५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे नियंत्रण आहे, आणि भारतात २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अशा प्राण्यांची नोंद करणे पाळणाऱ्यावर बंधनकारक आहे.

मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातील लुईस सांब्रानो आणि त्यांचे सहकारी तेथील शेतकऱ्यांच्या मदतीने आता उलट बाजूने काम करीत आहेत. सरोवराच्या गाळावर उभारलेल्या ‘चिनांपा’ नावाच्या शेतांमधील अरुंद चर निवडावयाचे, त्यांच्या तोंडाशी पाणवनस्पती व जाळ्यांचे अडसर बसवावयाचे, म्हणजे आत येणारे पाणी गाळले जाते आणि कार्प-तिलापियास मज्जाव होतो. पाणी सुधारले की मग प्राणी. पैदास केंद्रात जन्मलेले १८ अ‍ॅक्सोलॉटल अंगात इवलेसे रेडिओ-प्रेषक बसवून अशा एका चरात आणि शहराच्या दक्षिणेकडील एका जुन्या खाणीतील पाणथळ जागेत सोडण्यात आले. हा वृत्तान्त २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळत ठेवली तेवढ्या काळात ते सर्व जिवंत राहिले, आणि जे पुन्हा हाती लागले त्यांचे वजन वाढलेले होते.