बाहेरचे नव्हे, मेंदूचे दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. डॉक्टरकीतले मी काय सांगणार! पण घरातले दुखणे प्रथम बाईच्याच नजरेस येते, म्हणून चार शब्द बोलते.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात आणि आपल्या पिंपरी-चिंचवडमध्येही 'जीबीएस'चे रोगी निघाले, तेव्हा आपण सर्वजणी पाणी उकळून पीत होतो. त्या रोगात शरीराची रक्षण करणारी शक्तीच हातापायांच्या नसांवर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसे. हीच शक्ती कधी मेंदूवर उलटते आणि मेंदूला सूज येते. त्यातला एक प्रकार डॉ. डाल्माऊ यांनी २००७ साली उजेडात आणला. तो तरुण मुलींत अधिक आढळतो. काहींच्या बीजकोशात गाठ असते, ती काढावी लागते.

हसतीखेळती मुलगी थोड्याच दिवसांत बदलते. झोप उडते, ती असंबद्ध बडबडते, नाही ते तिला दिसते, तोंड वेडेवाकडे होते, झटके येतात, पुढे बोलणेच खुंटते. मग कोणी म्हणते, "बाहेरचे आहे, देवऋषीकडे न्या." भगिनींनो, असे वाया जातात ते दिवस औषधाचे असतात! भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा तर २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

अशा मुलीला मेंदूच्या डॉक्टरांकडेच न्यावे. ते पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासतात. त्याला भिऊ नये. एमआरआय चांगला आला, तरी रोग नाहीच असे समजू नये. शिरेतून स्टिरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिन देतात, कधी रक्तातला प्लाझ्मा बदलतात. उपचार खर्चाचे आहेत, म्हणून सरकारी योजनांची चौकशी इस्पितळातच करावी. २०१३ साली पाचशेहून अधिक रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. उपचार घेतलेल्यांपैकी पाचांत सुमारे चार जण दोन वर्षांत चांगले सुधारले होते. लवकर उपचार मिळालेल्यांना गुण अधिक आला. मात्र धीर हवा. महिनेच्या महिने लागतात, आणि दुखणे काहींना पुन्हा उलटते.

आपल्याकडची माणसे चाकणला रात्रपाळीला असतात. त्यांची वाट पाहत बसू नये. झटका आला तर मुलीला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. १०८ ला फोन करावा. कोणत्या दिवशी काय झाले, ते वहीत टिपून ठेवावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

शेजारच्या लेकीला 'वेडी' म्हणण्याआधी तिच्या आईबरोबर इस्पितळात जाऊ या. मंडळाच्या भगिनींकडून एवढेच मागते आणि आपली रजा घेते.