आंतरजालाची तोंडओळख
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



इंटरनेट, म्हणजेच आंतरजाल, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शिक्षक. तेव्हा मुळाक्षरे तेवढी गिरवून दाखवितो.

आंतरजाल म्हणजे संगणकांच्या अनेक जाळ्यांना जोडणारे महाजाल होय. एखादा ग्रंथ सुट्या पानांनी निरनिराळ्या पाकिटांतून धाडावा, प्रत्येक पाकिटाने मिळेल त्या वाटेने जावे आणि मुक्कामी पृष्ठांक पाहून ग्रंथ पुन्हा जुळवावा, तद्वत् येथे मजकुराचे तुकडे प्रवास करतात. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावरून पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी गेला. 'वेब' ही याच जाळ्यावर उभारलेली, दुव्यांनी परस्परांस बांधलेल्या पानांची योजना. ती टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न संस्थेत १९८९ मध्ये मांडली. आपल्या देशात सामान्य जनांस आंतरजाल १५ ऑगस्ट १९९५ पासून खुले झाले.

आज ईमेलने पत्र जाते, विकिपीडियावर मराठीतून माहिती मिळते, 'जीवन प्रमाण' या २०१४ च्या योजनेमुळे निवृत्तांस हयातीचा दाखला घरबसल्या देता येतो, आणि २०१६ पासून यूपीआयने पैसेही धाडता येतात.

परंतु एक गोष्ट आम्हांस बोचते. पूर्वी निरक्षर मनुष्य सावकाराच्या कागदावर अंगठा उठवी आणि त्यात काय लिहिले आहे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐके. आज आपली वडीलधारी मंडळी, विशेषतः भगिनी, फोन आणि गुप्त अंक दोन्ही दुसऱ्याच्या स्वाधीन करतात. त्यात आणि त्या अंगठ्यात भेद कोणता?

म्हणून तीन नियम ध्यानी धरावेत. शोध घेतल्यावर सर्वांत वर येणारे उत्तर पैसे देऊन लावलेली जाहिरातही असू शकते. बँकेचा दूरध्वनी क्रमांक पासबुकावरूनच घ्यावा. यूपीआयचा गुप्त अंक पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही नाही. पत्त्याशेजारील कुलुपाची खूण वाटेतील गुप्तता दर्शविते. दुकानदाराच्या सचोटीची ग्वाही देत नाही. इतकेही करून फसगत झालीच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

तरुणांस आमची विनंती एवढीच, की घरातील एका तरी वडीलधाऱ्या व्यक्तीस ही विद्या शिकवावी. शेजारी बसावे, धीर धरावा. पण फोनवर बोट मात्र त्यांचेच चालू द्यावे. पाटीवर हात धरून अक्षर गिरवून घेतले, तरी अखेरीस हात सोडल्यावाचून लिहिता येत नाही.