ड्रेस्डेन पायी: काळे दगड, पिवळे दगड

आज आपण ड्रेस्डेनला जाऊया. जर्मनीच्या पूर्वेला, एल्ब नदीकाठचं हे शहर सॅक्सनी राज्याची राजधानी आहे. जुना भाग इतका आटोपशीर आहे की एका दिवसात पायी आरामात होतो. फक्त बूट चांगले घाला, कारण बऱ्याच ठिकाणी पायाखाली दगडी फरसबंदी आहे.

सुरुवात करा थिएटरप्लाट्झपासून. समोर दिसतं ते सेम्परऑपर. गॉटफ्रीड सेम्परने बांधलेलं पहिलं ऑपेरा हाऊस १८६९ मध्ये जळालं. मग त्याच्याच आराखड्यावर दुसरं उभं राहिलं, ते १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. १३ फेब्रुवारी १९८५ ला, हल्ल्याला बरोबर ४० वर्षं झाली त्या दिवशी, ते पुन्हा उघडलं. म्हणजे आपण बघतो ते व्हर्जन ३.० आहे!

तिथून पाच-सात मिनिटांवर फ्युर्स्टेनत्सुग. सॅक्सनीच्या राजघराण्याची मिरवणूक, १०२ मीटर लांब, सुमारे २३,००० पोर्सेलिनच्या टाइल्सवर. गंमत बघा, आजूबाजूचं शहर जळालं, पण भट्टीत भाजलेल्या या टाइल्स बऱ्याचशा तशाच राहिल्या.

आणि आता फ्राउएनकिर्शं. हे चर्च म्हणजे या फेरफटक्याचा जीव. गेओर्ग बेअरने आखलेलं, १७४३ ला पूर्ण झालेलं, वर प्रचंड दगडी घुमट. हल्ला झाला तेव्हा घुमट लगेच पडला नाही. आगीच्या धगीने खालचे खांब कमकुवत होत गेले आणि १५ फेब्रुवारी १९४५ ला सगळं कोसळलं. पुढे जवळजवळ ५० वर्षं तिथे ढिगारा होता. पूर्व जर्मनीच्या काळात तो युद्धाचं स्मारक होता. ८० च्या दशकात शांततेची मागणी करणारे तरुण तिथे मेणबत्त्या घेऊन जमायचे.

देश एक झाल्यावर पुन्हा बांधायचं ठरलं. आता इंजिनिअर मंडळींनो, हे ऐका. ढिगाऱ्यातला एकेक दगड मोजला, त्याला नंबर दिला, फोटो काढला. तो कुठे पडलाय यावरून मूळ कुठे बसला असेल हे कॉम्प्युटरच्या मदतीने शोधलं. साडेतीन हजारांहून जास्त जुने दगड परत भिंतीत बसवले. २००५ मध्ये चर्च उघडलं. घुमटावरचा सोनेरी क्रॉस लंडनच्या एका कारागिराने घडवला. त्याचे वडील १९४५ च्या हल्ल्यातले ब्रिटिश वैमानिक होते. बस, यावर मी काही बोलत नाही.

जवळ गेलात की पिवळसर भिंतीत काळे ठिपके दिसतील. ते जुने दगड. तो काळेपणा फक्त आगीचा नाही हं. हा वालुकाश्म वयानुसार आपोआप काळवंडतो. म्हणजे नवे दगडही हळूहळू काळे होतील.

चर्चभोवतीच्या नॉयमार्क्ट चौकात मात्र बरीच घरं अशी आहेत की दर्शनी भाग जुन्या धाटणीचा आणि आत नवं बांधकाम. याला सिनेमाचा सेट म्हणून नाकं मुरडणारेही आहेत. मला विचाराल तर चर्च जास्त प्रामाणिक वाटतं. काय जुनं, काय नवं, ते तुमच्यापासून लपवत नाही.

आता शेवटचा मुद्दा. ड्रेस्डेनची एल्ब खोरी २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. मग नदीवर नवा पूल हवा की नको यावर वाद पेटला. लोकांनी मतदानात पुलाच्या बाजूने कौल दिला, काम सुरू झालं आणि २००९ मध्ये युनेस्कोने नाव काढून टाकलं. पुलावरून रोज ये-जा करणाऱ्याला काय हवं आणि जगाला काय बघायचंय, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

२०२५ मध्ये आपल्या महाराजांचे किल्ले त्याच यादीत आले, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण यादीतलं नाव कायमचं नसतं, हे ड्रेस्डेन सांगतं. तर मंडळी, पडलेला बुरुज तसाच ठेवावा की पुन्हा बांधावा? आणि बांधलाच तर नवा दगड ओळखू यावा का? तुमचं मत नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!