अर्ध्या गुणाची राखण

(मंडळाच्या बुद्धिबळ स्पर्धेच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



करोल बागेत सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारी आपल्यातील अनेक कुटुंबे सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची. सांगली ही तर बुद्धिबळाची पंढरी. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारा हा खेळ तेथे रुजविला आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू त्या नगरीने दिल्या. त्या वारशाला स्मरून चार शब्द बोलतो.

आज एक गोष्ट पुन्हा पुन्हा दृष्टीस पडली. शेवटी प्रतिपक्षाजवळ राजा, हत्ती व एक प्यादे आणि आपल्याजवळ केवळ राजा व हत्ती उरला की मुले डाव सोडून देतात. वास्तविक हा डाव पुष्कळदा बरोबरीत सुटतो. त्याचा मार्ग फिलिडोर या फ्रेंच संगीतकाराने १७७७ साली दाखवून ठेवला आहे.

आपला राजा प्याद्याच्या वाटेत, त्याच्या पुढे उभा करावा. हत्ती आपल्या बाजूने मोजलेल्या तिसऱ्या आडव्या ओळीत ठेवावा, म्हणजे शत्रूच्या राजाला ती ओळ ओलांडता येत नाही. मग घाई करू नये. त्याच ओळीत हत्ती इकडून तिकडे सरकवीत राहावे. निरुपायाने प्रतिपक्ष प्यादे त्या ओळीत ढकलतो. तोच आपला क्षण! हत्ती तत्काळ पटाच्या दूरच्या टोकाला न्यावा आणि मागून शहामागून शह द्यावेत. प्यादे पुढे गेल्यामुळे शत्रूच्या राजाला आता आडोसा उरलेला नसतो. हत्ती आधीच हलविला, तर मात्र तो राजा प्याद्यापुढे शिरतो, तेच प्यादे त्याची पाठ राखते आणि आपले काम कठीण होते.

म्हणजे बचाव केवळ चिवटपणाने साधत नाही. कोठे उभे राहावे, किती थांबावे आणि केव्हा हलावे, हे तिन्ही ठाऊक असावे लागते. बरोबरीचा अर्धा गुण दिसायला लहान. परंतु स्पर्धेच्या अखेरीस तोच कित्येकदा क्रम ठरवितो.

पालकांना एवढीच विनंती, की मूल हरत असताना पटावरून उठू लागले, तर त्याला क्षणभर बसवावे आणि विचारावे, “बाळ, तुझा हत्ती कोणत्या ओळीत आहे?”