ऐकून घेण्याचे कसब

बांधावरून तंटा झाला की दोन्ही घरची पोरेही एकमेकांशी बोलेनाशी होतात. बांध कोणी कोरला हे त्यांनी पाहिलेले नसते. घरात ऐकलेले असते. राष्ट्रांचेही पुष्कळदा असेच होते.

जॉन वॉलक या अमेरिकन पत्रकाराने १९९३ साली अमेरिकेतील मेन राज्यात मुलांचे एक शिबिर भरवले. नाव ‘सीड्स ऑफ पीस’, म्हणजे शांततेचे बियाणे. पहिल्या उन्हाळ्यात इस्राएल, पॅलेस्टाईन आणि इजिप्तमधून ४६ जण आले. झोपायच्या खोल्या मुद्दाम मिसळलेल्या. शेजारच्या खाटेवर ‘शत्रू’! पहिल्या रात्री काहींचा डोळा लागत नसे.

आता तुम्ही म्हणाल, चार दिवस खेळले, गाणी म्हटली, झाले! तसे नव्हे. खेळ होतेच, पण रोज दोनेक तास मुलांना चक्क वादाला बसवीत. मध्ये जाणती माणसे असत, पण ती निवाडा देत नसत. आजोबांचे घर कसे गेले हे एकाने सांगायचे, बसमधल्या स्फोटात कोण गेले हे दुसऱ्याने. कोणी रडे, कोणी उठून जाई, आणि परत येऊन बसे. न पटणारे बोलणे मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकणे, हे कसब तिथे शिकायचे. नांगर धरण्यासारखेच ते. हाताला फोड आल्यावाचून येत नाही.

२००१ पासून मुंबई आणि लाहोरची मुलेही तिथे जाऊ लागली. गुरुजींनी इकडे जरा कान द्यावा. गप्पांत त्यांच्या ध्यानी आले, की १९०५ ची बंगालची फाळणी असो वा १९४७ ची, दोघांच्या पुस्तकांतली हकिगत जुळत नाही. त्यांच्यापैकी काहींनी मोठेपणी, २०१३ साली, एक पुस्तक काढले. दोन्ही देशांच्या शालेय इतिहासातले मजकूर समोरासमोर छापले. खरे कोणते, हे सांगितले नाही. मला हे फार आवडले.

पण शिबिराने बंदुका थांबत नाहीत. इथे येऊन गेलेला सतरा वर्षांचा एक अरब मुलगा, इस्राएलचाच नागरिक, ऑक्टोबर २००० मध्ये निदर्शनांच्या वेळी पोलिसांच्या गोळीने गेला. अंगात शिबिराचाच हिरवा सदरा होता. त्याच्या शिबिरातल्या इस्राएली दोस्तांना तेव्हा आपल्याच घरी, आपल्याच माणसांत, त्याच्याविषयी बोलायचे होते.