घरबसल्या व्यायामाची वर्गणी

श्रोतेहो, संत्र्याच्या बागेचा सौदा करताना आपण वरूडकर झाडन् झाड हिंडून पाहतो. फळ किती, गळ किती, बहार आंबिया की मृग, हे पाहिल्यावाचून इसाराला हात लावत नाही. परंतु मोबाइलवर 'घरबसल्या व्यायाम शिका, वर्षाची वर्गणी भरा' अशी जाहिरात आली, की तेवढी चौकशी करण्याचे आपल्या मनात येत नाही. रक्कम लहान असते आणि बोट चटकन दाबले जाते. हा सौदा परवडतो की नाही, याचा आज आपण हिशेब करू.

एखादा शेतकरी बंधू लगेच म्हणेल, "दिवसभर वावरात राबतो ना मी! मंग पैसे देऊन घाम काहून गाळाचा?" त्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले, की प्रौढ माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. या हिशेबात कामातले श्रमही धरले जातात. मात्र शेतीचे श्रम एकांगी असतात. निंदताना कंबर तासन् तास वाकलेली, फवारणीच्या पंपाने खांदे ओढलेले. अशा शरीराला ताण मोकळा करणारी आसने हवीत. गुरुजींची अडचण उलटी आहे. येणे-जाणे मोटारसायकलवर, उरलेला वेळ खुर्चीत आणि कागदपत्रांत. तेव्हा व्यायाम दोघांनाही हवा. प्रश्न आहे तो पैशाचा.

घरी व्यायाम शिकवण्याचा धंदा काही आजचा नव्हे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यूजीन सँडो हा नामांकित पहिलवान आपली पुस्तके व उपकरणे विकत असे आणि टपालानेही धडे देत असे. आपल्या सातारा भागातील औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी सँडोची साधने आणून सुमारे दहा वर्षे नेमाने व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले. त्यांनी तो संस्थानच्या शाळांतून रुजवला आणि 1938 साली त्यावर इंग्रजीत पुस्तकही प्रसिद्ध झाले. दहा वर्षे जो नेमाने करतो, त्याचे साधनाचे पैसे फुकट जात नाहीत, हे यातून दिसते. आणि सूर्यनमस्काराला जागा लागते ती सतरंजीएवढी, खर्च काहीच नाही, हेही दिसते.

मग वर्गणी भरून आपण नेमके काय विकत घेतो? माझ्या मते तीन गोष्टी : शिकवण, चूक सुधारणारी नजर आणि नेम.

शिकवण मोबाइलवर चांगली मिळते. पण ती बरीचशी फुकटही मिळते. चूक सुधारणारी नजर तेथे बहुधा मिळत नाही. बैठक मारताना गुडघा आत वळला, तर पडद्यावरचा शिक्षक आपली मोजणी चालूच ठेवतो. आखाड्यातला वस्ताद तिथल्या तिथे थांबवतो. आपल्या अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली वैद्य बंधूंनी उभे केले आणि 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. ती किमया समोरासमोरच्या शिकवणीची होती.

राहिला नेम. तो मात्र पैशाने मिळत नाही. अमेरिकेतील डेलाव्हिग्ना आणि माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2006 साली व्यायामशाळांच्या सभासदांचा हिशेब प्रसिद्ध केला. महिन्याला 70 डॉलरहून अधिक भरणारे लोक सरासरी चारदाच तेथे जात. एका खेपेला त्यांना 17 डॉलरच्या वर पडत. दहा खेपांचे तिकीट घेतले असते, तर 10 डॉलरच पडले असते. आपण उद्यापासून नक्की जाऊ, या भरवशावर ते पैसे भरत होते! पेलोटन या अमेरिकन कंपनीच्या घरी चालवायच्या सायकली 2020 च्या साथीत धडाक्याने खपल्या. दारे उघडताच मागणी ओसरली आणि 2022 साली कंपनीला सुमारे 2800 लोक कामावरून कमी करावे लागले.

आपला हिशेब मांडा. समजा, वर्गणी महिन्याला 300 रुपये आहे. वीस दिवस व्यायाम केला, तर दिवसाला 15 रुपये पडले. दोनच दिवस केला, तर 150 रुपये! सौदा तोच, भाव ठरवणारे आपण.

मग ही वर्गणी कोणीच भरू नये काय? तसे नव्हे. ज्या गावात स्त्रियांसाठी व्यायामाची जागा नाही, तेथील सुनेला किंवा शिक्षिकाबाईंना दार लावून अर्धा तास शिकता येते, ही मोठी सोय आहे. एकट्या माणसाला ठरलेल्या वेळी सुरू होणारा वर्ग सोबतीसारखा वाटतो. अशांना तो खर्च साजतो.

परंतु घाई नको. आधी महिनाभर फुकटचे करा : सूर्यनमस्कार, जोर, बैठका, भरभर चालणे. कॅलेंडरवर रोज खूण करा. वीस खुणा झाल्या, तर एका महिन्याची वर्गणी भरा, वर्षाची नको. खात्यातून पैसे आपोआप कापण्याची परवानगी दिली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2021 पासूनच्या नियमाप्रमाणे कापण्याच्या निदान 24 तास आधी सूचना यावी लागते. ती वाचा आणि नको असेल तर परवानगी मागे घ्या. हृदयविकार, रक्तदाब किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि गुरुजनहो, आपल्याला एक विनंती. शाळेचे पटांगण सकाळी रिकामेच असते. गावातली दहा माणसे जमवून तेथे अर्धा तास व्यायाम सुरू केला, तर शिकवण, नजर आणि नेम, तिन्ही गोष्टी एकाच जागी मिळतील. शेजारी येऊन हाक मारतो, तेव्हा अंथरुणात पडून राहणे अवघड जाते. या हाकेला वर्गणी पडत नाही.